प्रश्न तुमचे : दारू सोडल्यानंतरची संध्याकाळ आणि ध्यान

(दारू सोडण्याच्या सुरुवातीच्या काळाविषयी आलेल्या चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उत्तरे आमच्या सदराचे मनोविकारतज्ज्ञ देत आहेत.)

प्रश्न : माझे वय ४४ असून मी इचलकरंजीत एका सूतगिरणीत सुपरवायझर आहे. पंधरा वर्षे रोज पीत होतो. दोन महिन्यांपूर्वी स्वादुपिंडाला सूज आली, दवाखान्यात दाखल व्हावे लागले आणि तेव्हापासून दारू बंद आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमित घेतो. पत्नीच्या आग्रहामुळे रोज सकाळी अर्धा तास डोळे मिटून ध्यानाला बसतो. परंतु डोळे मिटले की शांत वाटण्याऐवजी छातीत धडधडते. मुलीच्या शाळेत एकदा प्यालेल्या अवस्थेत गेलो होतो, तो दिवस डोळ्यांसमोर येतो, आणि मग दारूचाच विचार सुरू होतो. संध्याकाळी गिरणीतून परतताना साडेसहा ते साडेआठ हा वेळ तर फार कठीण जातो. ध्यानाने मन शांत होते असे सगळे सांगतात, मग माझ्याच बाबतीत उलटे का होते? ध्यान सोडून द्यावे का?

उत्तर : तुमच्या बाबतीत जगावेगळे काही घडत नाही. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थता वाढते, असे सांगणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. त्यांतील बरेच जण ‘आपल्याला ध्यान जमत नाही’ असे मनाशी ठरवून टाकतात आणि संकोचापोटी ते कुणाला सांगतही नाहीत. तुम्ही विचारलेत, हे फार बरे केलेत.

याचे एक कारण मेंदूच्या कामकाजात आहे. मेंदूतील ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींची उत्तेजना कमी करते आणि ‘ग्लुटामेट’ ती वाढवते. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते, म्हणून दोन पेग घेतल्यावर माणसाला सैल वाटते. हे वर्षानुवर्षे रोज घडत राहिले की मेंदू आपला तोल सांभाळण्यासाठी गाबाची बाजू कमजोर आणि ग्लुटामेटची बाजू बळकट करून घेतो. दारू एका दिवसात थांबवता येते. मेंदूने करून घेतलेला हा बदल मात्र तितक्या लवकर मागे फिरत नाही. हातांचा कंप आणि घाम पहिल्या आठवड्यातील उपचारांनी जातात, पण चिडचिड, दचकणे, अपुरी झोप आणि विनाकारण वाटणारी धास्ती काही आठवडे, कित्येकदा काही महिने रेंगाळते. अशा अवस्थेत डोळे मिटले की बाहेरचे लक्ष वेधणारे काही उरत नाही आणि आतली धडधड एरवीपेक्षा मोठी जाणवते. शिवाय, ज्या आठवणी वर आल्या की पूर्वी ग्लास भरला जात असे, त्या आता प्रथमच पूर्ण शुद्धीत समोर येत आहेत.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. दारूची सवय जडलेल्या माणसाला मनाची अवस्था बदलण्याची एकच रीत ठाऊक झालेली असते : काहीतरी घ्यायचे आणि थोड्या वेळात वेगळे वाटू लागायचे. ध्यानाकडेही तो नकळत हीच अपेक्षा घेऊन येतो. अर्धा तास बसलो, तरी बरे का वाटत नाही, हा प्रश्न त्या अपेक्षेतूनच निर्माण होतो. ध्यानाकडून पेगसारखा परिणाम मागू नका. सोब्रायटीच्या, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या, सुरुवातीच्या काळात ध्यानाचा खरा उपयोग असा, की अस्वस्थता अंगात असतानाही तिच्यावर लगेच काही न करता थांबता येते, हे शरीराला पुन:पुन्हा अनुभवाने कळते. ज्या सकाळी छाती धडधडत असूनही तुम्ही पाच मिनिटे जागचे हलला नाहीत, ती सकाळ वाया गेली असे तुम्हाला वाटत असेल, पण माझ्या दृष्टीने त्या दिवशीचा सराव उत्तम झाला.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी सोडलेले व्यसन पुन्हा का सुरू होते, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. तलफ ही समुद्राच्या लाटेप्रमाणे चढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते; तेव्हा तिला अडवण्याच्या भरीस न पडता ती ओसरेपर्यंत तिच्यावर तरून राहावे, असे ते रुग्णांना शिकवत. सिएटल येथील एका तुरुंगात सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील, म्हणजे आपल्या इगतपुरीच्याच पद्धतीची, दहा दिवसांची विपश्यना शिबिरे झाली, तेव्हा मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. शिबिर केलेल्या कैद्यांमध्ये सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत दारू आणि इतर नशांचे प्रमाण शिबिर न केलेल्यांपेक्षा कमी आढळले, असे २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केले. शिबिराला बसलेले कैदी स्वेच्छेने आलेले होते, त्यामुळे एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. परंतु याच कामातून पुढे आठ आठवड्यांचा एक कार्यक्रम तयार झाला, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २८६ जणांच्या चाचणीत, जिच्यात गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे पाडले होते, वर्षअखेरीस या कार्यक्रमातील लोकांचे नशेचे आणि अतिमद्यपानाचे दिवस इतर प्रकारचे उपचार घेणाऱ्या दोन गटांपेक्षा कमी भरले. हे सर्व जण सुरुवातीचे उपचार पूर्ण करून आलेले होते, ही गोष्ट माझ्या पुढच्या पत्रलेखिकेने विशेष लक्षात घ्यावी.

तुमच्यासाठी मी काही बदल सुचवतो. सकाळचा अर्धा तास तूर्त बंद करा. त्याऐवजी खुर्चीवर पाठ टेकून, पावले जमिनीवर पूर्ण टेकवून, डोळे उघडे ठेवून समोरच्या एखाद्या स्थिर वस्तूवर नजर ठेवा आणि पाचच मिनिटे बसा. मनात चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सहा आकडे मोजत बाहेर सोडा. या गतीने मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, आणि श्वास सोडण्याचा काळ लांबला की हृदयाचे ठोके मंदावण्यास मदत होते. बसणेच नकोसे झाले तर अंगणात किंवा गच्चीत सावकाश चाला आणि टाच टेकल्याची, बोटे उचलल्याची जाणीव ठेवा. तेही ध्यानच आहे. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे वेगाने श्वास घेण्याचे प्रकार पहिले काही महिने टाळा. अतिवेगाने श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मुंग्या येतात, गरगरते, धडधड वाढते, आणि ज्याचा मेंदू आधीच उत्तेजित आहे त्याला हे भीतीच्या झटक्यासारखे वाटते. ज्यांना पूर्वी फिट आलेली आहे, त्यांच्यासाठी तर ते धोक्याचेही आहे.

दुसरा बदल वेळेचा. तुमची अडचण साडेसहा ते साडेआठ या वेळातली आहे, तर मनाच्या तयारीलाही तीच वेळ द्या. गिरणीतून निघण्यापूर्वी मूठभर शेंगदाणे, केळे किंवा पोळीभाजी असे काही खाऊन घ्या. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ बळावते, असे दारू सोडू पाहणाऱ्यांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मंडळींमध्ये सतत सांगितले जाते, आणि पाळीवरून परतणाऱ्या माणसात त्यांपैकी किमान दोन असतातच. नेहमीचा बार ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता बदला. तलफ आली तर जिथे असाल तिथे थांबून घड्याळ पाहा आणि ती शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधा : घशाशी, जबड्यात, पोटाच्या खळगीत की तळव्यांत? तिला दहापैकी किती गुण द्याल ते मनात ठरवा, श्वासाची तीच चार-सहाची लय धरा, आणि पाच-पाच मिनिटांनी पुन्हा गुण द्या. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आकडा उतरलेला दिसेल. हे एका वहीत लिहून ठेवा; पुढची तलफ येते तेव्हा ‘ही आता कधीच जाणार नाही’ असे मन सांगू लागते, आणि त्या वेळी आपल्याच अक्षरातील नोंद फार कामी येते.

माझ्याकडे येणाऱ्या एका रिक्षाचालकांनी आपला उपाय आपणच शोधला. पूर्वी सातच्या सुमारास त्यांची रिक्षा बारसमोर उभी असे. आता ते पावणेसातला रिक्षा दाराशी लावतात, बादलीभर पाणी घेतात आणि ती धुतात. आधी ओल्या फडक्याने टपाचे रेक्झिन, मग मडगार्डवरचा चिखल, मग सीटच्या शिवणींत अडकलेली धूळ, आणि मीटरची काच सर्वांत शेवटी. मन बारकडे गेले की ते हातातल्या फडक्याखाली असलेल्या डागाकडे परत आणायचे, एवढाच नियम. “काच पुसून होईपर्यंत पावणेआठ वाजतात आणि भूक लागलेली असते,” असे त्यांनी मला सांगितले. भाजी निवडणे, लसूण सोलणे, कुंड्यांतली माती उकरणे, सायकलची साखळी साफ करणे, यांपैकी जे तुमच्या हातांना आवडेल ते करा. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू करणाऱ्या डॉ. अनिता आणि अनिल अवचट या दांपत्यापैकी अनिल अवचट स्वतः ओरिगामी, लाकडातले कोरीवकाम आणि बासरी यांत रमणारे होते. हातांना छंद असलेल्या माणसाची संध्याकाळ रिकामी राहत नाही, हे मी माझ्या रुग्णांतही पाहत आलो आहे.

राहिला मुलीच्या शाळेतला तो दिवस. तो प्रसंग ध्यानात एकट्याने सोसत बसू नका. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांमध्ये प्रार्थना आणि ध्यान अकराव्या पायरीवर येते, आणि ज्यांना दुखावले त्यांची यादी करणे व शक्य तिथे भरपाई करणे या पायऱ्या त्याच्या आधीच्या, आठव्या आणि नवव्या आहेत. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. त्या दिवसाविषयी आधी समुपदेशकाशी बोला, मग योग्य वेळी मुलीशी. तोवर डोळे मिटल्यावर तो प्रसंग वारंवार येऊन रडू, घाम किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर मिटल्या डोळ्यांचे ध्यान थांबवून तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. आणि गोळ्या बंद करू नका. तलफ कमी करणारी औषधे आणि ध्यान एकमेकांच्या जागी घ्यायची नसतात, ती बरोबरीने चालतात.

प्रश्न : माझे पती ४८ वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ते रोज दोन क्वार्टर घेतात, हल्ली सकाळीही लागते. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतात आणि घोटभर दारू घेतली की थांबतात. गेल्या वर्षी गणपतीत सर्वांच्या सांगण्यावरून बंद केली होती, तेव्हा दुसऱ्याच दिवशी फिट आली. आता त्यांनी स्वतःहून ठरवले आहे की इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचे. तिथे दारू मिळणारच नाही आणि मनही ताळ्यावर येईल. मला आनंद झाला आहे, पण भीतीही वाटते. गावातल्या एकाने जेवणात न सांगता मिसळण्याची एक पूडही आणून दिली आहे. काय करावे?

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे, आणि तुम्ही पत्रात लिहिलेली फिट ही या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. तुमच्या पतींनी दारू घरी अचानक बंद करू नये आणि शिबिरात जाऊनही बंद करू नये. आधी रुग्णालय, मग बाकी सारे.

रोज एवढी दारू घेणाऱ्याने ती एकदम थांबवली की साधारण सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, मळमळ आणि घबराट सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो : वेळकाळाचे भान सुटते, अंगावर किडे चढताना किंवा नसलेली माणसे दिसतात, ताप येतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर ते जिवावर बेतू शकते. ज्याला आधी एकदा फिट आलेली आहे, त्याला पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता अधिक असते. याचा मनोबलाशी काही संबंध नाही. कितीही निर्धाराचा माणूस असला तरी मेंदूतील ही प्रक्रिया निर्धाराने थांबत नाही. रुग्णालयात काही दिवस औषधे हळूहळू कमी करत हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो. सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली जातात, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये त्याची कमतरता असते आणि तिच्यामुळे स्मृती व चालण्याचा तोल कायमचा बिघडू शकतो. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करून घेण्याविषयी याच आठवड्यात विचारा. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. दाखल होईपर्यंत ‘आजपासून थेंबही नको’ असा आग्रह कुणी धरू नये, आणि फिट किंवा भ्रम दिसला तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ पासून शिबिरे घेत आहे आणि त्या साधनेविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु तिथे पहाटे चारला उठून दिवसाकाठी सुमारे दहा तास बसायचे असते, मौन पाळायचे असते, आणि ते रुग्णालय नाही. प्रवेश-अर्जात व्यसने, औषधे आणि आजारांविषयी विचारलेले असते. ती माहिती लपवून जाणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी आणि तिथल्या सेवकांच्या विश्वासाशीही खेळणे होईल. उपचार पूर्ण होऊन काही महिने सोबर राहिल्यानंतर, डॉक्टरांच्या संमतीने आणि अर्जात सारे खरे लिहून ते जरूर जाऊ शकतील. पतींना ‘जाऊ नका’ असे न म्हणता ‘आधी दवाखाना, मग शिबिर’ असे म्हणा. त्यांनी स्वतःहून दाखवलेली इच्छा मोडता कामा नये. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दारूवर अवलंबून असलेल्या साठ रुग्णांवर सुदर्शन क्रिया या लयबद्ध श्वसनाच्या पद्धतीचा अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही आधी एक आठवडा दारू उतरवण्याचे उपचार दिले गेले आणि मगच श्वसनाचा सराव सुरू झाला. ज्यांनी तो सराव केला त्यांच्यातील नैराश्याची लक्षणे, सराव न केलेल्यांच्या तुलनेत, अधिक कमी झाली.

ती पूड कचऱ्यात टाका. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींमागे काय असते, याची काहीच खात्री देता येत नाही. पुष्कळदा तिच्यात डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे औषध अंगात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. हृदयविकार असलेल्याचा त्यात मृत्यूही ओढवू शकतो. डॉक्टर ते देतात तेव्हा रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून देतात.

आणि तुमच्याविषयी तुम्ही पत्रात एक ओळही लिहिलेली नाही. बाग, मजूर, सासर आणि ही काळजी तुम्ही एकटीने वाहत आहात. व्यसनी व्यक्तीच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, आणि मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. पती दाखल झाले की त्या दिवसांत तुम्ही स्वतः पुरेसे झोपा आणि एखाद्या विश्वासातल्या बाईपाशी मन मोकळे करा. ते परत येतील तेव्हा घरात एक तरी माणूस थकलेले नसावे.

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून ठाण्यात एकटी राहते आणि आयटी क्षेत्रात काम करते. रोज रात्री आधी वाइन आणि पुढे व्होडका अशी सवय लागली होती, ती कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन आठवड्यांपूर्वी बंद केली. आता पहाटे तीनपर्यंत झोप लागत नाही. मोबाइलवरील ध्यानाचे अ‍ॅप लावून पडते, तरी काही होत नाही; आणि झोप लागली तर पीत असल्याची स्वप्ने पडून अपराधी वाटत जाग येते. एका मैत्रिणीने तिच्या झोपेच्या गोळ्या देऊ केल्या आहेत.

उत्तर : त्या गोळ्या घेऊ नका, एवढे आधी. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेंदूतील त्याच यंत्रणेवर काम करतात जिच्यावर दारू करत होती, आणि दारू सोडलेल्या व्यक्तीला त्यांची सवय फार लवकर लागू शकते. झोपेसाठी औषध लागलेच तर ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

दारूने झोप लवकर लागते, परंतु रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटक होते आणि स्वप्नांची झोप दडपली जाते. दारू बंद झाली की दडपलेली स्वप्ने उसळून येतात. दारू पीत असल्याचे स्वप्न पडणे हे पुन्हा पिण्याचे लक्षण नाही, आणि त्यात तुमचा काही अपराधही नाही. सुरुवातीच्या काळात ते कितीतरी जणांना पडते. जाग आली की दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, आज कोणती तारीख आहे आणि आपण प्यायलेलो नाही हे मोठ्याने म्हणा. झोप पूर्ववत होण्यास काही महिने लागू शकतात, हे आधीच माहीत असले तर त्या काळजीने आणखी जागरण होत नाही.

अ‍ॅप झोपताना लावता, ते रात्री नऊच्या आधी लावा, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पडा. झोप यावी म्हणून ध्यान केले की आपण सतत ‘आली का?’ असे तपासत राहतो आणि जागे राहतो. योगनिद्रेप्रमाणे उताणे पडून उजव्या पायाच्या अंगठ्यापासून एकेका अवयवाकडे लक्ष नेणे, किंवा प्रत्येक स्नायू क्षणभर आवळून सैल सोडणे, हे तुमच्या अवस्थेत श्वासाकडे पाहण्यापेक्षा सोपे जाईल. स्नायू सैल सोडण्याची ही पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी विकसित केली आणि ती आजही वापरात आहे. अर्धा तास होऊनही झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात कपड्यांच्या घड्या घाला किंवा छापील काही वाचा, आणि डोळे जड झाल्यावरच परत पडा. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. दुपारनंतर चहा-कॉफी नको.

तुमच्या पत्रातील ‘कुणालाच माहीत नाही’ या शब्दांनी मला झोपेपेक्षा अधिक काळजी वाटली. आपल्याकडे स्त्रीचे पिणे इतके लपवले जाते की तिचे सोडणेही लपूनच होते. एका तरी व्यक्तीला सांगा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा ऑनलाइनही होतात आणि तिथे पूर्ण नाव सांगावे लागत नाही. रात्री फार घाबरल्यासारखे झाले किंवा जीव नकोसा वाटला, तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास कुणीतरी बोलायला असते, मराठीतही.

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. आम्ही फलटणकडचे. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर त्याने कार्तिकीला आळंदीला जाऊन माळ घातली आणि आता रोज संध्याकाळी मंदिरात हरिपाठाला जातो. सूनबाई शिकलेली आहे. ती म्हणते, हे भाबडेपणाचे आहे, त्याने शास्त्रशुद्ध माइंडफुलनेस, म्हणजे सजगतेचे ध्यान, करावे. रोज वाद होतो. कोणाचे खरे मानायचे?

उत्तर : आई, सूनबाईंना नवऱ्याची काळजी आहे म्हणूनच त्या शास्त्राचा आग्रह धरतात, आणि म्हणून त्यांना शास्त्रातलीच एक गोष्ट सांगा. इटलीतील लुचिआनो बर्नार्दी या डॉक्टरांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय व रक्तदाबाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम दिसला. हरिपाठावर तो अभ्यास झालेला नाही, परंतु टाळ हातात घेऊन एका सुरात चरण म्हणताना श्वास असाच लांबतो, हे तुम्ही स्वतः अनुभवले असेल. त्याशिवाय मुलाची संध्याकाळ, जी त्याच्यासाठी दिवसातली सर्वांत कठीण वेळ असणार, ती चार ओळखीच्या माणसांत उभे राहून जाते. गळ्यात माळ दिसली की लग्नाच्या वरातीतही कुणी ग्लास पुढे करत नाही. हे लाभ मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये नाहीत. ज्याला देवाधर्मात रस नाही त्याने श्वासाकडे लक्ष द्यावे, ज्याला विठ्ठल जवळचा वाटतो त्याने नाम घ्यावे; या बाबतीत मी कुणालाही त्याचा मार्ग बदलायला सांगत नाही.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष असू द्या. अनेक घरांत श्रावण पाळला जातो आणि श्रावण संपला की पिणे पुन्हा सुरू होते, कारण ते बंधन महिन्याचे असते. माळेचे तसे नाही, हे बरे. पण याच कारणाने, कधी एखाद्या दिवशी पाय घसरला तर मुलाला वाटेल की माळ बाटली, आता सारेच संपले, आणि तो लाजेने मंदिरही सोडेल आणि दवाखानाही. असे झालेच तर दुसऱ्याच दिवशी महाराजांना आणि डॉक्टरांना दोघांनाही खरे सांगायचे आणि पुन्हा सुरू करायचे, हे त्याच्याशी आत्ताच, सारे चांगले चाललेले असताना बोलून ठेवा. तो घरी आला की तोंडाचा वास घेणे आणि “आज नाही ना?” असे विचारणे थांबवा, त्याऐवजी सात वाजता गरम जेवण तयार ठेवा आणि हरिपाठाला निघण्यापूर्वी त्याला चार घास खायला लावा.

दुसरी गोष्ट औषधे आणि फॉलोअपची. केंद्राने दिलेल्या तारखा त्याने चुकवू नयेत, ‘आता माळ आहे, गोळ्या कशाला’ असे त्याने म्हटले तरीही. सूनबाईंना त्या भेटींना बरोबर जाऊ द्या. त्यांच्या मनातले सारे प्रश्न त्यांना तिथल्या डॉक्टरांना थेट विचारता येतील, आणि त्या दिवशी हरिपाठाला उशीर झाला तरी काही बिघडत नाही.